ओठांवरचा शब्द

भिवंडी, ४ एप्रिल २०२६

जयभीम दादा,

अक्षर ओळखलंस ना? ओळखून पाकीट तसंच बाजूला ठेवू नकोस, निदान आतला फॉर्म तरी बघ. माझे दोन्ही नंबर तू बंद करून ठेवलेस, म्हणून पोस्टात जाऊन तिकीट चिकटवायची पाळी आली. खिडकीवरच्या माणसाने दोनदा विचारलं, आत राखी आहे का. एप्रिलात कुठली राखी, पण त्याला बिचाऱ्याला दुसरं काही सुचलं नसेल.

तुझा पत्ता अप्पांच्या कारखान्याचे मालक मुनीरशेठ, त्यांच्या पुतण्याकडून घेतला, हमजाकडून. सुताच्या कामासाठी तो सिल्वासाला येतो. तू तिथल्या मिलमध्ये फिटर आहेस आणि अंगाने सुटला आहेस, एवढं त्याने सांगितलं. मीही जास्त विचारलं नाही.

आई बरी आहे. गुडघे दुखतात, पण आवाज होता तसाच. कारखान्यात सुताच्या कांड्या भरायचं काम सोडून दहा वर्षं झाली, तरी चहा घेतेस का हे ती अजून तिथल्या खडखडाटातल्यासारखं ओरडून विचारते. शेजारचे आपापला कप घेऊन येतील एक दिवस.

आता कामाचं. मी राहनाळच्या गोडाऊनमध्येच आहे, दुपारच्या शिफ्टला पॅकिंगची सुपरवायझर झालेय. आणि तुला कुणी सांगितलं नसेल, पण तीन वर्षं सकाळी ठाण्याला कॉलेजला जाते. मानसशास्त्र. अर्धी पुस्तकं कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये वाचून झाली. ट्रेलर अडकला की माझा एक धडा होतो. एकतिसाव्या वर्षी हे काय खूळ, असं म्हणशील. आईही तेच म्हणते.

तिसरं वर्ष संपलं. पदवी इथेच मिळते, पण मला पुढचं ऑनर्सचं चौथं वर्ष करायचंय, समुपदेशन आणि मानसोपचार हा विषय घेऊन. म्हणजे माणसासमोर बसायचं आणि त्याचं ऐकायचं, पण शिकून. खऱ्या माणसासमोर बसू देतात ते या चौथ्या वर्षातच. तोवर आम्ही एकमेकींवर हात साफ करतो. जागा अठरा आहेत आणि अर्ज साठ. ते वर्ष मिळालं नाही तर पदवी भिंतीवर लागेल आणि मी गोडाऊनमध्येच राहीन.

अर्जाबरोबर एक निबंध द्यायचा आहे. स्वतःच्या हातून ऐकण्यात झालेली एक चूक. त्यात घरातलं जिवंत माणूस येत असेल तर त्याची लेखी संमती लागते. मी अप्पांच्या शेवटच्या आजारपणाबद्दल थोडं लिहिणार आहे, त्यात तुझं नाव येईल. विशेष काही नाही. फॉर्मवर खूण केली आहे तिथे सही कर आणि पाठव. शेवटची तारीख १५ मे आहे.

तुझी
दिना

भिवंडी, २० एप्रिल २०२६

दादा,

फॉर्म आला नाही. येईल असं मला वाटलंही नव्हतं, उगाच खोटं कशाला बोलू.

मागच्या पत्रात मी 'विशेष काही नाही' लिहिलं, ते खरं नाही. पण त्याच्याकडे वळायला मला जरा वेळ दे. आधी कॉलेजात काय झालं ते सांगते, म्हणजे हे पत्रांचं खूळ कुठून निघालं ते कळेल.

आम्हाला सराव असतो. एकीने आपलं काही खरंखुरं सांगायचं, दुसरीने ऐकायचं, आणि ऐकलेलं तिला परत सांगायचं. सल्ला द्यायचा नाही. तू असं म्हणालीस, बरोबर? बस. हे सगळं रेकॉर्ड होतं. माझ्यासमोर संघरत्ना होती, माझ्याच वर्गातली, दोन मुलांची आई. बोलता बोलता ती म्हणाली, मला घर नकोसं झालंय. मी मान हलवली आणि तिला परत सांगितलं, म्हणजे घरातल्या कामांचा तुला कंटाळा आलाय.

जमिला मॅडमनी रेकॉर्डिंग थांबवलं. त्या आमच्या मुख्य शिक्षिका. भिवंडीच्याच आहेत, कोकणी मुसलमान, त्यांच्या आजोबांपासून घरचा यंत्रमागांचा कारखाना. त्यांनी मला विचारलं, संघरत्ना नेमकं काय म्हणाली? मी बरोबर सांगितलं, शब्दन् शब्द. मग तुम्ही बदललंत का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मॅडम, ते जरा कडू वाटलं असतं.

"कुणाला?" मॅडम म्हणाल्या.

एवढंच विचारलं आणि गप्प बसल्या. दादा, तुला माहीत आहे, आपल्याला गप्प बसलेलं सहन होत नाही. कारखान्यातले साचे थांबले म्हणजे लाईट गेली, नाहीतर कुणाला तरी लागलं. मी भराभर काहीबाही बोलत सुटले. मॅडमनी सगळं बोलू दिलं आणि मग विचारलं, वडील कारखान्यात होते का? मी म्हटलं, जॉबर होते, साचे दुरुस्त करायचे. म्हणजे त्या खडखडाटात राहून तुम्हाला ओठ वाचता येत असतील, त्या म्हणाल्या. येतात, मी म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या, मग तुम्हाला कळतं सगळं बरोबर, सांगताना बदलता.

तेव्हापासून तीन आठवडे मी आपलं घर डोळ्यांसमोर आणून बघतेय. आपल्याकडे निरोप कधी जसाच्या तसा गेलाय का रे? अप्पा मुनीरशेठला शिव्या घालायचे आणि आई जाऊन सांगायची, ताप आहे म्हणून आले नाहीत. तू आईच्या भाकरीला नावं ठेवायचास आणि मी सांगायचे, दादाचं पोट भरलंय. भांडण नको म्हणून बदलायचो. बदलून बदलून हाताला सवय लागली.

त्या घरात न बदलता बोलला तो तू एकटा. एकदाच बोललास. साच्यातला धोटा उडून अप्पांच्या कानाजवळून गेला, तू मागून जीव तोडून ओरडलास, आणि त्यांनी वळूनही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तू मुनीरशेठना सांगितलंस, अप्पांना आता काहीच ऐकू येत नाही, त्यांना साच्यांजवळ ठेवू नका. शेठनी मान राखून त्यांना घरी बसवलं. आणि अप्पा सगळ्या गल्लीला सांगत फिरले, पोराने बापाची ड्युटी खाल्ली. तुझ्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. तू बॅग उचललीस तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तुझं बरोबर आहे हे मला पक्कं माहीत होतं. मी तोंड उघडलं नाही, याची मला आज लाज वाटते.

हे आधी सांगायला हवं होतं. बाकीचं पुढे लिहिते.

दिना

भिवंडी, ३० एप्रिल २०२६

दादा,

तुला दोन्ही पत्रं मिळाली, असं हमजा म्हणाला. वाचलीस का, हे त्याने विचारलं नाही. शहाणा माणूस आहे.

मॅडमकडे गेले होते. म्हटलं, भावाकडून काही उत्तर येत नाही. त्या म्हणाल्या, मग दुसरा प्रसंग घ्या, याच प्रसंगावर तुमची जागा अडलेली नाही. त्यांचं खरं आहे. मी लिहूनही काढला दुसरा. गोडाऊनमध्ये ठकुबाई म्हणून एक बाई आहे, तिला मी एकदा ऐकून न घेताच रजा नाकारली होती, आणि नंतर तिची माफी मागितली. तिने आनंदाने फॉर्मवर अंगठा दिला. पाच पानं झाली. चांगली झाली आहेत रे. संघरत्नाच्या डोळ्यांत पाणी आलं वाचून.

म्हणजे तुझी सही न मिळता माझं काम होईल. तरी मी तुला लिहितेय, तर लिहू दे.

फेब्रुवारी दोन हजार बावीस. अप्पांना दवाखान्यात ठेवून सहा दिवस झाले होते. छातीत कापसाची धूळ बसली होती, आवाज गेला होता, नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क. त्याआधी तीन महिने घरी मीच करत होते सगळं. कामावर बिनपगारी रजा टाकली होती. हे मी तुला ऐकवण्यासाठी लिहीत नाही. खरं तर ऐकवण्यासाठीच लिहितेय.

दुपारी तीनला तुझा फोन आला. तू सिल्वासाच्या स्टँडवर बॅग घेऊन उभा होतास. मागे कंडक्टर ओरडत होता, ते मला ऐकू येत होतं. तू म्हणालास, दिना, त्यांना विचार, मी येऊ का. त्यांना नको असेल तर शेवटच्या वेळी त्रास नको. सहा वर्षांत तू पहिल्यांदाच त्यांच्याबद्दल काही विचारलंस.

मी अप्पांच्या समोर तोंड नेलं आणि आवाज न करता विचारलं, सुगत यायचं म्हणतोय. त्यांचे ओठ हलले. मास्क वाफेने धुरकटला होता. मला 'जाऊ दे' दिसलं. मी तुला तेच सांगितलं.

मास्क धुरकटला होता, दादा. कुणालाही चुकलं असतं.

दिना

भिवंडी, ५ मे २०२६

दादा,

मागच्या पत्रातल्या शेवटच्या दोन ओळी खोडून टाक. पेटीत टाकलं आणि हात आत घालून परत काढावंसं वाटलं.

तुला मी काय शिकवणार ओठांचं. आपण दोघं अप्पांच्या मांडीवर बसून शिकलो. 'जा' म्हणताना जबडा खाली येतो. 'ये' म्हणताना ओठ दोन्ही बाजूंना ताणले जातात. पुढचं 'ऊ दे' दोन्हींत सारखं. आंधळ्यालाही कळेल एवढा फरक आहे.

मास्क धुरकटला होता हे खरं. अप्पांचे ओठ ताणले गेले होते हेही खरं. मला स्वच्छ दिसलं. ते 'येऊ दे' म्हणाले.

मी तुला सांगितलं, "जाऊ दे म्हणाले, दादा."

का ते विचारशील. मॅडमसारखं एका शब्दात विचारलंस तरी माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. तीन महिने मी त्यांच्या उशाशी होते. त्यांचं हगणं-मुतणं काढलं, त्यांना घासघास भरवलं. आणि त्यांचे डोळे कायम दाराकडे. मी पाणी पाजायचे आणि ते माझ्या खांद्यावरून मागे बघायचे. मला माहीत होतं ते कुणाला शोधतायत. तुझं नाव घेतल्यावर ते असे काही उजळले की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाटलं, राबायचं मी आणि शेवटी याने यायचं, पायाशी बसायचं, आणि सगळं याचं. एका क्षणात तोंडातून गेलं ते. तू फक्त 'बरं' म्हणालास. पाठीमागे बस सुटल्याचा आवाज आला.

मी परत फोन करू शकले असते. अजून दोन दिवस होते अप्पांकडे. दोन दिवस, दादा. मी केला नाही.

तू आलास ते मातीला. भंतेजी वंदना घेत होते तेव्हा तू मागे चपलांपाशी बसलास, पुढे ये म्हटलं तर आला नाहीस. जलदान विधीलाही थांबला नाहीस. जाताना आईला म्हणालास, "त्यांनीच जाऊ दे म्हटलं ना, मग जातो." मी बाजूलाच उभी होते. हातात ताटं होती.

माझा शब्द तू अप्पांचा म्हणून घेऊन गेलास आणि चार वर्षं उराशी धरून बसलास. आईपासूनही तुटलास त्यापायी. माझ्यामुळे.

काल हे मी आईला सांगितलं. म्हटलं, तुझ्या आधी त्याला लिहिणं बरं नाही. ती भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. नेहमी ओरडणारी बाई, इतकं हळू बोलली की मलाच ओठांकडे बघावं लागलं.

"म्या बी तितंच व्हते ना गं पायथ्याशी. येऊ दे म्हनले ते. म्या बी बघलं."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, तू येवडी राबत व्हतीस, तुजा शब्द कसा खाली पाडू. आणि परत मेथी निवडायला लागली. मग थोड्या वेळाने म्हणाली, त्याला लिव, माजं पन लिव.

तर हे तिचं पण लिहिलं. बदल न करता लिहिलंय.

माफी मागत नाही. मागितली की तुला काहीतरी म्हणावं लागेल, आणि तुझ्यावर आता कसलीच जबरदस्ती नको. अप्पांनी तुला बोलावलं होतं, एवढं तुझ्यापर्यंत पोचायला हवं होतं. ते आज पोचतंय. फॉर्म परत एकदा जोडलाय. आता कशावर सही मागतेय ते तुला पुरतं माहीत आहे. नाही केलीस तरी मी समजेन.

दिना

भिवंडी, १६ मे २०२६

दादा,

परवा जेवणाच्या सुट्टीत अनोळखी नंबरावरून व्हिडिओ कॉल आला. मी बाकड्यावर डबा उघडून बसले होते. उचलला आणि तू दिसलास. दाढी पिकली रे तुझी. हमजा म्हणाला तसं सुटला वगैरे काही नाहीस, चेहरा अगदी अप्पांचा झालाय.

तुझ्यामागे साचे चालू होते. आवाज म्हणजे नुसती खडखड. मी सवयीने ओरडले, तर आजूबाजूच्या आठ बायका डबे सोडून बघायला लागल्या. तू ओरडला नाहीस. अप्पांसारखा बोललास, तोंड पुरं उघडून, सावकाश, एकेक शब्द मोकळा. किती वर्षांनी कुणी माझ्याशी असं बोललं.

जे दिसलं ते लिहिते. चुकलं असेल तर खोड.

'पत्रं वाचली', हे दिसलं. 'सगळी', हेही. मग 'मला फार राग आलाय', हे तू दोनदा म्हणालास, दोन्ही वेळा स्वच्छ दिसलं. मग तू खाली बघितलंस, आणि 'आईला सांग' म्हणालास. काय सांगू ते दिसलं नाही, तू तेव्हा तोंड पुसत होतास. मग माझा फॉर्म समोर धरलास. कोरा होता की सही होती, ते उजेडात कळलं नाही. आणि तू म्हणालास, 'हा कागद', आणि चित्र अडकलं. ओठ मिटलेले, तसाच तू थांबलास. चित्र परत हललं तेव्हा शब्द अर्धा होऊन गेला होता. मला फक्त शेवट दिसला. 'ऊ दे.' मग फोन कटला. त्यानंतर तो नंबर लागत नाही. चौदा वेळा लावून बघितला.

काल शेवटची तारीख होती. मी दोन्ही निबंध घेऊन मॅडमसमोर बसले. त्यांनी विचारलं, भावाची संमती मिळाली का? मी म्हटलं, तो बोलला मॅडम, पण शब्द मला दिसला नाही. त्यांनी विचारलं, तुम्हाला काय वाटतं, काय म्हणाला असेल?

दादा, ओठांवर आलं होतं. हा कागद जाऊ दे, म्हणजे कॉलेजात जाऊ दे, पाठव. सहज म्हणता आलं असतं. मास्क नाही, वाफ नाही, बघायला आईही नाही. मॅडमनी मानलंही असतं. पण जाऊ दे म्हणजे सोडून दे, असंही असेल. राहू दे असेल. येऊ दे असेल. आपल्या भाषेत 'ऊ दे' काय एक आहे का.

मी म्हटलं, माहीत नाही. मग गप्प बसले. मॅडमही बसल्या. बराच वेळ कुणी बोललं नाही आणि मी ते सहन केलं. पहिल्यांदाच.

ठकुबाईचा निबंध मी दिला नाही. त्यात मीच फार शहाणी दिसत होते. मॅडमना हे सांगितलं तर त्यांनी काही समजावलं नाही, फक्त माझ्याकडून अर्ज घेतला. निबंधाच्या जागी मी एक ओळ लिहिली. 'संमती मागितली आहे, उत्तर मला कळलेलं नाही.' असा अर्ज अपुरा धरतात. पहिल्या यादीत माझं नाव येणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. दहा जूनला दुसरी यादी लागते, तोवर जागा उरली आणि निबंध आला तर बघतील. नाहीतर हे वर्ष गेलं. मी घरी आले, आईला सांगितलं, आईने जेवायला वाढलं.

आईला काय सांगायचं होतं, तेही कळव. ती रोज विचारते आणि मी रोज तिला सांगते, मला दिसलं नाही. आधी तिचा विश्वास बसायचा नाही. आता ती म्हणते, बरं, थांबू.

हे पत्र उत्तरासाठीच्या जोडकार्डासकट पाठवतेय, माझा पत्ता लिहून ठेवलाय. तुला एकच शब्द लिहायचा आहे. तू रागाने लिहिलास तरी मी तो तसाच ठेवेन, निबंधात आणि घरातही. जाऊ दे असेल तर जाऊ दे. राहू दे असेल तर राहू दे. पण तू काय म्हणालास दादा, तेवढं मला कळू दे.

दिना